हस्तघडणीच्या तांब्याच्या वस्तूंची रचना आणि किंमत-निर्धारण : तांब्याच्या बंबाच्या विशेष संदर्भात

सारांश

हाताने घडवलेल्या तांब्याच्या भांड्याची किंमत महाराष्ट्रात परंपरेने वजनावर ठरत आली आहे. या पद्धतीत धातूचे मोल नेमके मोजले जाते. परंतु कारागिराचे कष्ट धातूच्या वजनाला बांधले जातात आणि रचनेतील बदलांमुळे वाढणारे काम हिशेबाबाहेर राहते. प्रस्तुत लेखात मागणीनुसार घडवल्या जाणाऱ्या तांब्याच्या बंबाचे उदाहरण घेऊन रचना, लागणारा पत्रा, कामाचे तास आणि किंमत यांचा परस्परसंबंध स्पष्ट केला आहे, तसेच धातू व घडणावळ यांची स्वतंत्र आकारणी करणारी पर्यायी पद्धत मांडली आहे.

कळीचे शब्द : तांबट, बंब, मठारकाम, घडणावळ, परिव्यय, किंमत-निर्धारण.

प्रस्तावना

उन्हाळ्याच्या दुपारी झाडाच्या शेंड्यावरून सारख्या अंतराने ‘टुक् टुक्’ असा आवाज काढणाऱ्या पक्ष्याला मराठी माणसाने ‘तांबट’ हे नाव दिले. पत्र्यावर एका लयीत पडणाऱ्या हातोडीचा नाद एकेकाळी किती ओळखीचा होता, याची साक्ष या नावात आहे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी ही या व्यवसायाची महाराष्ट्रातील प्रसिद्ध वसाहत. पेशवाईच्या काळात कोकणातून पुण्यात आलेल्या त्वष्टा कासार समाजातील कुटुंबांनी येथे हा व्यवसाय रुजविला. घागर, हंडा, कळशी, तांब्या, पातेले, परात आणि स्नानाचे पाणी तापविणारा बंब या वस्तू पिढ्यानपिढ्या या समाजाच्या हातून घडत आल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या व्यवसायाची घडी विसकटली. स्वयंपाकघरात ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील आले, चुलीची जागा गॅसने घेतली आणि न्हाणीघरातील बंबाच्या जागी विजेचा गीझर बसला. यंत्रावर दाबून काढलेली भांडी हाताच्या भांड्यांपेक्षा कितीतरी स्वस्त पडू लागली. तरीही हाताच्या वस्तूंची मागणी पूर्णपणे संपली नाही. तिचे स्वरूप बदलले. आजचा ग्राहक ठरावीक मापाचा हंडा मागण्याऐवजी आपल्या घराला, वाड्याला, शेतघराला किंवा उपाहारगृहाला साजेशी वस्तू विशिष्ट मापात व विशिष्ट नक्षीत करून मागतो. इंटॅक या संस्थेच्या पुणे केंद्राने तांबट आळीतील कारागिरांसोबत नव्या रचनांचे जे काम केले, त्यामागेही बदललेल्या मागणीची हीच जाणीव होती.

मागणीचे स्वरूप बदलले. किंमत ठरविण्याची रीत मात्र पुष्कळ ठिकाणी जुनीच राहिली. ‘किलोला काय भाव?’ हा प्रश्न ठोक मापाच्या हंड्याला लागू पडत असे. मागणीनुसार घडवलेल्या वस्तूला तो लागू पडतो का, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे

१. तांब्याच्या बंबाची रचना व तिच्यामागील कार्यतत्त्वे समजावून घेणे.
२. रचनेतील निर्णयांचा पत्रा, कातरण व श्रम यांवर होणारा परिणाम आकडेवारीने स्पष्ट करणे.
३. वजनावर आधारित किंमतपद्धतीचे गुणदोष तपासणे.
४. कारागीर व ग्राहक या दोघांनाही न्याय्य वाटेल अशी किंमत-निर्धारण पद्धत सुचविणे.

लेखातील मापे ही बंबाच्या एका नमुना-रचनेची आहेत. पत्र्याचे भाव, कामाचे तास व मजुरीचे दर हे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी गृहीत धरले असून ते प्रत्यक्ष बाजारभाव मानू नयेत.

तांबे : गुण आणि मर्यादा

तांब्याची घनता दर घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम आहे आणि ते सुमारे १,०८५ अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. उष्णतावहनात व्यवहारातील धातूंपैकी केवळ चांदी त्याच्या पुढे आहे. लोखंडाच्या तुलनेत तांबे सुमारे पाचपट, तर सर्वसाधारण स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत सुमारे पंचवीसपट उष्णता वाहून नेते. बंबासाठी तांबे निवडले गेले त्यामागे रूढीबरोबरच हे व्यावहारिक कारणही आहे.

कारागिराच्या दृष्टीने महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. तांबे ठोकले की कठीण होते आणि तापविले की पुन्हा मऊ होते. पोलाद लाल करून पाण्यात बुडविल्यास कडक होते. तांब्याचे तसे होत नाही. म्हणून पत्रा लालसर होईपर्यंत तापवून, पाण्यात थंड करून पुन्हा ठोकण्यास घेता येतो. भांडे पूर्ण झाल्यावर मात्र शेवटचे ठोके थंड स्थितीतच द्यावयाचे असतात. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सबंध पृष्ठभागावर सारख्या अंतराने ठोके देण्याच्या या क्रियेला मठारणे असे म्हणतात. मठाराने भांड्याला खवल्यांसारखी चमकदार नक्षी मिळते, तसेच मऊ पडलेला पत्रा ताठ होऊन सहजासहजी चेपत नाही. मठारकाम ही केवळ शोभा आहे असा ग्राहकांचा समज असतो. वस्तुतः पातळ पत्र्याच्या भांड्याला बळकटी देणारा तो एक तांत्रिक संस्कार आहे.

मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. आंबट पदार्थ तांब्याच्या भांड्यात कळकतात. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाची कल्हई लागते. ओलाव्यात लोखंड तांब्याला चिकटून राहिल्यास लोखंड लवकर गंजते. म्हणून बंबाची जाळी काढता-घालता येईल अशी सुटी ठेवणे हिताचे असते.

बंबाची रचना व कार्य

बंब म्हणजे एकात एक बसविलेले दोन नळकांड्यांसारखे भाग. मधल्या अरुंद नळीत विस्तव असतो, बाहेरच्या रुंद नळकांड्यात पाणी असते. नळीच्या तळाशी जाळी असते व खाली राख पडते. लाकडाच्या ढलप्या, कोळसा, शेणी किंवा कणसांची बुरकुंडे वरून नळीत सोडली जातात. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते, तिच्या जागी जाळीतून ताजी हवा येते आणि अशा रीतीने विस्तव आपोआप फुलतो. नळी हीच चूल आणि तीच धुराडे. विस्तवाभोवती सर्व बाजूंनी पाणी असल्याने चुलीवरच्या हंड्याच्या मानाने उष्णता कमी वाया जाते.

२० लिटर पाणी सामावणाऱ्या बंबाचे उदाहरण घेऊ. बाहेरचा व्यास ३० सें.मी., नळीचा व्यास १० सें.मी. व पाण्याच्या भागाची उंची ३५ सें.मी. धरल्यास दोन नळकांड्यांमधील जागा सुमारे २२ लिटर भरते. पाणी उकळताना वर येण्यासाठी दोन लिटरची मोकळीक राहते. नळी बुडाखाली ५ सें.मी. व वर १० सें.मी. ठेवल्यास तिची एकूण लांबी ५० सें.मी. होते.

या रचनेत पुढील बाबींचा विचार करावा लागतो.

पहिली बाब नळीच्या व्यासाची. पाण्याला उष्णता मिळते ती नळीच्या पाण्यात बुडालेल्या पृष्ठभागातून. १० सें.मी. व्यासाला तो सुमारे १,१०० चौ.सें.मी. आहे. व्यास १२ सें.मी. केल्यास तो सुमारे १,३२० चौ.सें.मी. होतो, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. तर पाण्याची जागा २२ लिटरवरून सुमारे २०.८ लिटरवर येते. पाणी लवकर तापावे अशी अपेक्षा असणाऱ्या ग्राहकाला हा बदल सुचविता येतो.

दुसरी बाब सांध्यांची. नळी व वरचे झाकण यांचा सांधा पाण्याच्या पातळीच्या वर असतो, त्यामुळे पाणी त्याला थंड ठेवत नाही. कथील-शिशाची मऊ झाळ १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते. ती येथे टिकत नाही. तांब्यापेक्षा कमी, पण विस्तवाला दाद न देणाऱ्या तापमानाला वितळणारी जस्तयुक्त झाळ टाकणखार लावून भरावी लागते. उभ्या सांध्यासाठी पत्र्याच्या एका कडेला दाते कापून ते आलटून-पालटून आतबाहेर बसवितात, ठोकून सपाट करतात व मग झाळतात. हे काम वेळखाऊ असले तरी सांध्याचे आयुष्य त्यावरच ठरते.

तिसरी बाब सुरक्षिततेची. तोटी बुडापासून ४ सें.मी. वर बसविल्यास ती पूर्ण उघडी राहिली तरी सुमारे अडीच लिटर पाणी आत उरते व नळी एकदम कोरडी पडत नाही. पाणी ओतण्याच्या तोंडावरील टोपण सैल असले पाहिजे. वाफेला वाट न मिळाल्यास भांडे फुटण्याचा धोका असतो. म्हणून ग्राहकाने आग्रह धरला तरी घट्ट फिरकीचे टोपण बसवू नये.

चौथी बाब धुराड्याच्या टोपीची. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत ठेवावयाचा असल्यास पावसाचे पाणी विस्तवात पडू नये म्हणून नळीवर छत्रीसारखी टोपी लागते. वरवर पाहता ती शोभेची वस्तू वाटते, पण चुकीची टोपी बंब धुमसवते. नळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकी तरी वाट टोपीखाली धुराला मिळाली पाहिजे. वर्तुळाच्या भूमितीनुसार त्यासाठी नळीचे तोंड व टोपी यांत किमान व्यासाच्या एक-चतुर्थांश, म्हणजे येथे २.५ सें.मी. अंतर हवे. काजळी धरल्यावरही वाट मोकळी राहावी म्हणून ते दुप्पट, ५ सें.मी. ठेवणे इष्ट. टोपीचा घेर नळीपेक्षा सर्व बाजूंनी ३ सें.मी. जास्त, म्हणजे व्यास १६ सें.मी. घेतला व मधली उंची ६ सें.मी. ठेवली, तर शंकूची तिरकी बाजू बरोबर १० सें.मी. येते. म्हणजे परकाराने १० सें.मी. त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यातून ७२ अंशांची फोड कापून काढली आणि कडा जुळविल्या की हवी ती टोपी तयार होते. सांध्यासाठी एका कडेला थोडी पट्टी राखावी लागते. शालेय भूमितीतील हे गणित अनुभवी कारागीर कागद न वापरता हाताच्या सवयीने करतो. परंतु नव्या मापाची मागणी आली की आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून पाहणे पत्र्याची नासाडी टाळते.

पत्र्याचा हिशेब

१ मि.मी. जाडीचा पत्रा धरून प्रत्येक भागाला लागणारा पत्रा पुढीलप्रमाणे येतो. पहिला आकडा कापावयाच्या चौकोनी तुकड्याचा, तर दुसरा प्रत्यक्ष वस्तूत राहणाऱ्या भागाचा आहे.

तक्ता क्र. १ : २० लिटर बंबासाठी पत्रा (चौ.सें.मी.)

बाहेरचे नळकांडे, सांध्याच्या पट्टीसह : ३,३५० – ३,३५०
मधली नळी, सांध्याच्या पट्टीसह : १,६४५ – १,६४५
बूड व झाकण, वळविण्याच्या कडेसह : २,०४८ – १,५०८
धुराड्याची टोपी : ४०० – २५१
ओतण्याचे तोंड, टोपण व आधार : १५० – १००
एकूण : ७,५९३ – ६,८५४

१ मि.मी. जाडीला हा पत्रा सुमारे ६.८० किलो भरतो. तयार बंबात राहणारे तांबे सुमारे ६.१४ किलो असते आणि उरलेले ०.६६ किलो कातरणीत जाते. गोल भाग चौकोनी पत्र्यातून कापावे लागतात, म्हणून कातरण मुख्यतः बूड, झाकण व टोपी यांतून निघते. सरळ भागांत ती जवळजवळ नसते. कातरण वाया जात नाही, मोडीत विकली जाते; परंतु मोडीचा भाव पत्र्याच्या भावापेक्षा कमी असतो व तो फरक कोणीतरी सोसावाच लागतो. तयार वस्तूचे वजन करून भाव लावला की हा फरक कारागिराच्या माथी बसतो.

वजनावर किंमत : एका रीतीचे गुणदोष

वजनावर भाव लावण्याची रीत निराधार नव्हती. तांब्या-पितळेची भांडी ही मराठी घरात वापराची वस्तू होती, तशीच साठवलेली पुंजीही होती. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर नाव घातले जाई. अडचणीच्या वेळी भांडे मोडीत देता येई. जुने भांडे देऊन वजनातील फरक भरून नवे घेता येई. वजन डोळ्यांसमोर होत असल्याने ग्राहकाला फसवणुकीची भीती कमी वाटे. हंडा-कळशीसारख्या ठरलेल्या वस्तूंमध्ये वजन व श्रम यांचे प्रमाणही बरेचसे ठरलेले असे, त्यामुळे किलोमागे ठरविलेली मजुरी साधारणपणे न्याय्य होई.

मागणीनुसार घडवलेल्या वस्तूत हे प्रमाण मोडते. त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण पत्र्याची जाडी. ग्राहकाला स्वस्त बंब हवा असल्यास १ मि.मी.ऐवजी ०.८ मि.मी. पत्रा वापरता येतो. तांब्याचे वजन २० टक्क्यांनी घटते. मात्र कापणे, वाकविणे, झाळणे, मठारणे यांचे काम तेवढेच राहते. पातळ पत्रा झाळताना जपावा लागतो, म्हणून काम थोडे वाढतेच.

दुसरे कारण मठाराची घनता. बाहेरच्या नळकांड्याचा पृष्ठभाग सुमारे ३,३०० चौ.सें.मी. आहे. दोन ठोक्यांमधील अंतर ८ मि.मी. असल्यास सुमारे ५,१५० ठोके लागतात. ‘मठार जरा बारीक करा’ असे ग्राहकाने सांगितले व अंतर ६ मि.मी. झाले, तर ठोके सुमारे ९,१५० होतात. अंतर एक-चतुर्थांशाने घटले, काम पाऊणपटीहून अधिक वाढले आणि वजनात काडीचाही फरक पडला नाही.

तिसरे कारण लहान भाग. धुराड्याच्या टोपीत तयार तांबे जेमतेम सव्वादोनशे ग्रॅम असते. किलोच्या भावाने तिची मजुरी नगण्य ठरते. प्रत्यक्षात आखणी, फोड कापणे, सांधा, कड वळविणे, आधाराचे पाय बसविणे या सर्व क्रिया मोठ्या भागाइतक्याच आहेत.

या कारणांचा एकत्रित परिणाम पाहण्यासाठी बंबाला ३२ तास काम लागते असे गृहीत धरू : आखणी व कापणी २, वाकविणे व सांधे जुळविणे ५, झाळणे ४, बूड-झाकण बसविणे ५, टोपी व लहान भाग ३, मठार ८, चिंच-मिठाने स्वच्छता व झळाळी ३, गळती-चाचणी व दुरुस्ती २. बारीक मठाराला ठोक्यांच्या प्रमाणात ६ तास अधिक धरू. व्यापारी पत्रा पुरवितो व तयार वजनावर किलोमागे ६०० रुपये मजुरी देतो असे मानल्यास कारागिराची तासाची कमाई पुढीलप्रमाणे येते.

तक्ता क्र. २ : किलोच्या मजुरीने तासाची कमाई (गृहीत दरांवर)

१ मि.मी. पत्रा, साधा मठार : ३,६८४ रुपये, ३२ तास – तासाला ११५ रुपये
१ मि.मी. पत्रा, बारीक मठार : ३,६८४ रुपये, ३८ तास – तासाला ९७ रुपये
०.८ मि.मी. पत्रा, साधा मठार : २,९४७ रुपये, ३२ तास – तासाला ९२ रुपये
०.८ मि.मी. पत्रा, बारीक मठार : २,९४७ रुपये, ३८ तास – तासाला ७८ रुपये

सर्वांत नाजूक व कौशल्याचे काम सर्वांत कमी मोबदल्याचे ठरते, हा या तक्त्याचा अर्थ. अशा स्थितीत कारागिरासमोर दोनच मार्ग उरतात : मठार विरळ करून तास वाचविणे किंवा जड, साधी वस्तू घडविणे. दोन्ही मार्गांनी कौशल्य झिजते. पुढची पिढी या व्यवसायात का उतरत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग या हिशेबात आहे.

घटकनिहाय किंमत-निर्धारण

परिव्यय लेखांकनाच्या साध्या तत्त्वांनी या प्रश्नाची उकल होऊ शकते. प्रत्यक्ष सामग्री, प्रत्यक्ष श्रम, अप्रत्यक्ष खर्च आणि नफा हे चार घटक वेगळे मांडावयाचे. पत्र्याचा भाव किलोला १,००० रुपये, मोडीचा ८०० रुपये व कामाचा दर तासाला १५० रुपये गृहीत धरू.

तक्ता क्र. ३ : १ मि.मी. पत्रा, साधा मठार (गृहीत दरांवर)

पत्रा, कातरणीचे मूल्य वजा करून : ६,२७२ रुपये
पितळी तोटी, जाळी, झाळ, टाकणखार, इंधन : ९०० रुपये
श्रम, ३२ तास : ४,८०० रुपये
अप्रत्यक्ष खर्च, श्रमाच्या २० टक्के : ९६० रुपये
एकूण परिव्यय : १२,९३२ रुपये
नफा व जोखीम, १५ टक्के : १,९४० रुपये
विक्री किंमत, करांव्यतिरिक्त : १४,८७२ रुपये

याच पद्धतीने बारीक मठाराच्या बंबाची किंमत सुमारे १६,११० रुपये येते. म्हणजे बारीक मठाराचे मोल सुमारे १,२४० रुपये आहे, हे ग्राहकाला आधीच सांगता येते. ०.८ मि.मी. पत्रा घेतल्यास किंमत सुमारे १,४४० रुपयांनी उतरते, पण घडणावळ तीच राहते. ग्राहक काय वाचवतो व काय गमावतो हे स्पष्ट होते. कारागिराच्या मजुरीला कात्री लागत नाही.

अप्रत्यक्ष खर्चात जागेचे भाडे, वीज, हत्यारांची झीज, नमुना करण्याचा वेळ व फसलेले काम यांचा समावेश होतो. यात एक खर्च सहसा धरलाच जात नाही. तो म्हणजे शरीराचा. अठराव्या शतकाच्या आरंभी इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात व्हेनिसमधील तांबटांना सततच्या ठोकण्याने येणाऱ्या बहिरेपणाची नोंद केली. ठोक्यांचा आवाज तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे. कानाची संरक्षक साधने व श्रवण-तपासणी यांचा खर्च किंमतीत नसेल, तर तो कारागीर आपल्या कानांनी भरतो.

धातूच्या भावातील चढउतार

तांब्याचा भाव आळीत ठरत नाही. १८७७ मध्ये सुरू झालेल्या लंडन मेटल एक्सचेंजमधील व्यवहारांचा प्रभाव जगभरच्या भावांवर पडतो. २००३ मध्ये तेथे टनाला दोन हजार डॉलरच्या आसपास असलेला भाव मे २००६ मध्ये आठ हजार डॉलरच्या वर गेला. २०११ मध्ये त्याने दहा हजारांचा टप्पा ओलांडला व मे २०२४ मध्ये अकरा हजारांचा. भांड्याची किंमत त्याबरोबर वाढते आणि कारागीर अधिक कमावतो असा समज पसरतो. वरील उदाहरणात पत्रा व मोड २० टक्क्यांनी महागल्यास विक्री किंमत सुमारे ९.७ टक्क्यांनी वाढते, मात्र श्रमाचा आकडा ४,८०० रुपयांवरच थांबतो. भाववाढीचे पैसे धातूकडे जातात. महाग वस्तूमुळे घटलेली मागणी कारागिराच्या वाट्याला येते.

म्हणून मागणी स्वीकारताना दरपत्रक दोन भागांत द्यावे. धातूची रक्कम पत्रा खरेदीच्या दिवसाच्या भावाने आकारावी व तेवढी आगाऊ घ्यावी. घडणावळ मात्र ठरल्या दिवशीच कायम करावी. मराठी ग्राहकाला ही रीत अपरिचित नाही. सोनाराकडे सोन्याचा भाव वेगळा व घडणावळ वेगळी असते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे आणि नाजूक कामाची घडणावळ जास्त, हेही मान्य आहे. सोन्याच्या बाबतीत मान्य असलेले तत्त्व तांब्याला लावले जात नाही, कारण तांब्याकडे अजूनही मोडीच्या दृष्टीने पाहिले जाते.

या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. तासांची नोंद ठेवण्याची सवय नसलेल्या कारागिराला आरंभी ती जाचक वाटते. संथ कामाचे तास ग्राहकाने का भरावेत, असाही प्रश्न येतो. यासाठी एकाच वस्तूच्या पाच-सहा नगांचे तास टिपून त्यांची सरासरी प्रमाण मानावी व त्या प्रमाणावरच घडणावळ आकारावी. ग्राहकाला वजनाचा विश्वास हवा असतो. तो देण्यासाठी तयार वस्तूचे वजन व पत्र्याची जाडी पावतीवर नोंदवावी. वजन यापुढेही मोजले जावे. मात्र ते धातूपुरते.

निष्कर्ष

१. बंबाच्या रचनेत नळीचा व्यास, सांध्यांची झाळ, तोटीची उंची व टोपीखालील अंतर यांचे निर्णय कार्यतत्त्वांवर आधारलेले असतात. ते केवळ आवडीनिवडीचे नाहीत.
२. वजनावर आधारित मजुरी ठरावीक वस्तूंसाठी सोयीची होती. मागणीनुसार घडवलेल्या वस्तूंमध्ये ती पातळ पत्रा, बारीक मठार व लहान भाग यांच्या श्रमांना कमी लेखते.
३. घटकनिहाय हिशेबाने रचनेतील प्रत्येक बदलाचे मोल आधी सांगता येते.
४. धातू व घडणावळ वेगळी आकारल्यास भावातील चढउतारांचा भार कारागिरावर पडत नाही.

शिफारसी

तांबट व्यावसायिकांच्या संघटनांनी ठोक्यांच्या अंतरानुसार मठाराच्या दोन-तीन प्रती ठरवून त्यांचे नमुने ग्राहकांसमोर ठेवावेत. वाणिज्य महाविद्यालयांनी परिव्यय लेखांकनाच्या प्रकल्पांसाठी अशा व्यवसायांची निवड करावी. विद्यार्थ्यांना जिवंत उदाहरण मिळेल व कारागिरांना तासांची नोंद करून मिळेल. शासकीय प्रदर्शनांत वस्तूवरील चिठ्ठीवर किंमतीसोबत कामाचे तासही छापावेत.

समारोप

पंजाबातील जंडियाला गुरू येथील ठठेरा समाजाच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या कारागिरीचा २०१४ मध्ये युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. अशा मान्यतेचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु वारसा यादीत टिकला तरी घरात टिकेलच असे नाही. घरात तो टिकतो तेव्हा त्यावर संसार चालतो म्हणून. बंबाच्या नळकांड्यावरील हजारो ठोक्यांपैकी एकही ठोका तराजूचे पारडे खाली नेत नाही. त्या ठोक्यांना पावतीवर स्वतंत्र ओळ मिळाली, तर मुलाला हातोडी द्यावी की नाही याचा निर्णय कारागिराला अधिक मोकळेपणाने घेता येईल.